चार फळ्यांची पाटी

माझ्या मामाचं पोट भांडणांवर चालतं, असं आई म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मामा पाट्या रंगवायचा. दोन भाऊ वेगळे झाले की एका दुकानाच्या दोन पाट्या व्हायच्या, भागीदार फुटले की जुनं नाव खोडून नवं घालावं लागायचं, आणि एखादा डॉक्टर दवाखाना सोडून समोरच्याच गल्लीत स्वतःचं बस्तान मांडायला लागला की मामा शिडी खांद्यावर टाकून निघायचा. कुणाचं कुणाशी फाटलंय हे न्हाव्याच्याही आधी मामाला कळत असे. पण माणूस तोंडाचा इतका घट्ट, की खोदून खोदून विचारलं तरी 'अक्षर सरळ आलं ना, मग झालं' एवढंच म्हणून ब्रश धुवायला लागायचा.

सगळा गाव त्याला पेंटर म्हणे. उंच, वाळका, उजव्या कानामागे पेन्सिल आणि नखांच्या कडांना कायमचा निळा रंग. अंगाला टर्पेंटाइनचा असा वास, की लग्नाचा फोटो काढला तरी तो येतो, असं मामी सांगायची. कधी कुणावर आवाज चढवला नाही, कुणाला नाही म्हटलं नाही. हा त्याचा गुण आहे असं सगळे म्हणत. मला मात्र त्याचा मनापासून राग यायचा, कारण त्याच गुणापायी माझी आई एकतीस वर्षं चर्चच्या पडवीत उभी राहिली.

ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

गावात चार चर्च होती आणि चारही पाट्या मामाच्या हातच्या. चार चर्च म्हटल्यावर गाव मोठं वाटेल, पण तसं काही नव्हतं. सगळी मिळून तीनशे-साडेतीनशे डोकी. एका चर्चमध्ये आरामात मावली असती, आणि एके काळी मावतही होती. चढावरची ती जुनी दगडी इमारत, पुढे खांबांची पडवी, तीन पायऱ्या, आणि दारावर माझ्या आजोबांनी रंगवलेली पाटी. आजोबाही पेंटरच. पंचांनी त्यांना सांगितलं होतं की चर्चचं पूर्ण नाव, स्थापनेचं साल, पाळकांचं नाव, सगळं नीट लिहा. आजोबांनी चार लांब फळ्या एकाखाली एक ठोकून कंबरेएवढ्या उंचीची पाटी केली आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या रंगात दोनच शब्द लिहिले: आत या.

पंच बरेच चिडले. आजोबा म्हणाले, चर्च आहे हे लांबून दिसतंच, आत यायचं की नाही याचाच माणसाला धीर होत नाही, म्हणून तेवढं लिहिलं. अक्षरं इतकी सुरेख होती की पंचांनाही पुढे बोलवेना.

रंग ओला असताना आजोबांनी आपल्या दोन्ही मुलांना जवळ बोलावलं. मामा तेव्हा आठ वर्षांचा, आई बारा वर्षांची. मामाचा अंगठा रंगात बुडवून त्यांनी सगळ्यात वरच्या फळीच्या कोपऱ्यात उमटवला आणि आईचा सगळ्यात खालच्या. आई मला हे लहानपणी इतक्यांदा सांगायची की मला ते दोन ठसे न पाहताच पाठ झाले होते.

मी नऊ वर्षांची असताना चर्चच्या मंडळीत भांडण लागलं. सुरुवात पाण्यावरून झाली. बाप्तिस्मा देताना डोक्यावर पाणी शिंपडलं तर पुरतं, की माणसाला पुरतं पाण्यात बुडवायला हवं, यावर दोन तट पडले. माझे वडील आणि आणखी काही जण नदीवर जाऊन पुन्हा बुडून आले, सोबत आईही. मग भांडण निघालंच आहे म्हटल्यावर ज्याला त्याला आपापलं दुखणं आठवलं. कुणाला गाताना टाळ्या वाजवायच्या होत्या. कुणाचं म्हणणं, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेताना, प्रत्येकाला वेगळा इवलासा पेला कशाला, सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यावं. वर्षभरात मंडळीचे चार तुकडे झाले. नावं ठेवायला गावाने वेळ लावला नाही: शिंपडे, बुडवे, टाळीवाले आणि एकप्याले. आम्ही बुडवे. जुन्या इमारतीत शिंपडे राहिले, आणि मामा त्यांच्यात राहिला, कारण त्याला उठून जा असं कुणी म्हटलं नाही आणि आपणहून उठणाऱ्यांतला तो नव्हता.

वाटण्या झाल्या त्या बघायला हव्या होत्या. बाकं मोजून वाटली, दिवे वाटले, बशा वाटल्या. एका मोठ्या पडद्याचे कापून चार भाग केले, ते कुणाच्याच खिडकीला पुरले नाहीत. शेवटी पाटी चार फळ्यांची आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं. प्रत्येकाचा दावा, की मूळची मंडळी ती आम्हीच. तेव्हा प्रत्येकाला एक फळी. मामाने शिडी लावून पाटी सोडवली आणि एकेक फळी एकेकाच्या हातात दिली. जुनं अक्षर घासून साफ काढायचं आणि आमचं नवं नाव घालायचं, असं चौघांनीही त्याला बजावलं. पाट्या रंगवणारा गावात तो एकटाच होता.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण चर्चच्या आत, उजव्या हाताच्या भिंतीवर, मंडळीतल्या सगळ्यांची नावं रंगवलेली होती. शिंपड्यांचे कारभारी तेव्हा शाळेचे हेडमास्तर होते. त्यांनी मामाला सांगितलं, गेलेल्यांची नावं पुसून टाक. मामाने पांढऱ्या रंगाचा डबा घेतला आणि एकेक करत शंभरावर नावं पुसली. त्यात माझ्या वडिलांचं होतं, माझं होतं आणि आईचंही होतं. ती बातमी आईला बाजारात कळली. घरी येऊन तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "माझ्या सख्ख्या भावानं जिथं माझं नाव पुसलं, तिथं मी पाय ठेवायची नाही."

आणि नाही ठेवला. भावाशी बोलणं तोडलं नाही, पण जेवढ्यास तेवढं. मामेभावाचं लग्न त्या चर्चमध्ये लागलं, तेव्हा ती नवी साडी नेसून पडवीत उभी राहिली आणि दारातून वधूवरांना बघितलं. आजी वारली तेव्हाही पडवीतच. लोक म्हणाले, अहो, आईसाठी तरी आत या. ती जागची हलली नाही. त्या दिवशी मामाने आतून बाहेर बघितलं आणि तिने बाहेरून आत, आणि दोघांनीही मान फिरवली. हे माझ्या डोळ्यांनी मी पाहिलंय, आणि ते मला अजून सलतं.

मी एकोणीस वर्षांची असताना एकदा मामाच्या कामाच्या खोलीवर गेले. आमच्या बुडव्यांची पाटी नव्याने रंगवायला आलेली होती. पाट्या उतरवणं आणि चढवणं तो स्वतःच करायचा, दुसऱ्या कुणाला फळीला हात लावू द्यायचा नाही. लोकांना वाटे, कारागिराचा तऱ्हेवाईकपणा. मी ब्रश शोधत होते, फळी वाटेत आली म्हणून उचलली आणि उलटी झाली. मागच्या बाजूला पाच निळे खांब होते आणि डाव्या कोपऱ्यात एका बारा वर्षांच्या मुलीचा अंगठा.

त्याने काहीच घासलं नव्हतं. चारही फळ्या नुसत्या उलट्या करून मागच्या बाजूवर नवी नावं घातली होती आणि आजोबांची अक्षरं भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. ना ऊन, ना पाऊस, रंग कालचा वाटत होता. आईच्या अंगठ्याची फळी त्याने वाटणीच्या दिवशी मुद्दाम बुडव्यांच्या हातात दिली होती, म्हणजे ती तिच्या चर्चवर राहील. स्वतःच्या अंगठ्याची, सगळ्यात वरची, शिंपड्यांच्या दारावरच होती.

मी विचारलं, आईला का नाही सांगितलंस. तो फळी पुन्हा सरळ करून ठेवू लागला. मग म्हणाला, "एक पुसलं ते पुरे झालं, पोरी. बाबांचं पुसायला हात उठला नाही. पण हे सांगितलं तर चौघंही घासायला लावतील." त्याला पुन्हा एकदा चारही फळ्या एकत्र लागलेली पाटी बघायची होती, बाकी त्याचं काही मागणं नव्हतं. मी कुणाला न सांगण्याचं वचन दिलं आणि एकवीस वर्षं पाळलं. आईपासून एवढी मोठी गोष्ट लपवताना माझा जीव किती वेळा कासावीस झाला ते मलाच ठाऊक.

नंतर तीन वर्षांपूर्वी नदी आली.

वरच्या धरणाचे दरवाजे पहाटे उघडले आणि सकाळी नऊपर्यंत खालच्या रस्त्यावर कंबरभर पाणी. बुडवे, टाळीवाले आणि एकप्याले, तिघांची चर्च त्याच रस्त्यावर. वर फक्त शिंपड्यांची जुनी इमारत कोरडी. मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, मला चढावरच नेमलं होतं, म्हणून मी सगळे येताना पाहिले. आणि इथे आमच्या माणसांनी जी अक्कल पाजळली ती फक्त आमचीच माणसं पाजळू शकतात. चर्चच्या कोठारांत तांदळाची पोती होती, ब्लँकेटं होती, स्टोव्ह होते. ते सगळं सोडून तिन्ही चर्चच्या कारभाऱ्यांनी आधी काय वाचवलं असेल, तर पाट्या. बुडव्यांचा शिंपी कारभारी पाटी डोक्यावर धरून कंबरभर पाण्यातून आला. टाळीवाल्यांचा कारभारी बस ड्रायव्हर होता, त्याने पाटी काखेत मारली होती आणि स्वतःची चप्पल पाण्यात सोडली होती. एकप्याल्यांकडे तर दोघांनी मिळून पाटी आणली आणि तांदूळ वाहून गेले. तिन्ही पाट्या पडवीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, नावं समोर, जणू शाळेत उशिरा आलेली मुलं. त्या घाईत फळीच्या मागे काय आहे हे बघायला कुणालाच सवड नव्हती.

हेडमास्तर दारातच उभे होते. आता निवृत्त, ऐंशीच्या घरात, पण पाठ अजून फूटपट्टीसारखी. त्यांनी लोकांना आत घेतलं हे खरं, पण कोण कुठल्या बाजूला बसेल हे बोटाने दाखवून. शिंपडे डावीकडे, बाकीचे उजवीकडे. भिजून कुडकुडणाऱ्या माणसांनीही ते मुकाट ऐकलं.

आई मात्र पडवीतच थांबली. पासष्ट वर्षांची बाई, ओलीचिंब, हातात एक गाठोडं. मी आत चल म्हणून हात धरला, तर तिने तो सोडवून घेतला आणि चूल कुठे मांडायची ते बघायला लागली. घटकाभरात पडवी तिच्या ताब्यात होती. कुणाला पाणी आणायला पिटाळलं, कुणाला बटाटे सोलायला बसवलं, शिंपड्यांच्या कोठारातलं मोठं पातेलं मागवलं. तीनशे माणसांचा रस्सा आणि भात करायचा होता. पण चिरायला आणि वाढायला टेबल नव्हतं. आतली बाकं माणसांनी अडवली होती.

तिने आजूबाजूला बघितलं आणि पाट्यांकडे बोट केलं. एकसारख्या लांबीच्या फळ्या, पडवीतल्या दोन बाकांवर आडव्या टाकल्या की टेबल तयार.

कारभारी कुजबुजायला लागले. शिंपी म्हणाला, आमच्या नावावर कांदे चिरायचे? ड्रायव्हर म्हणाला, आमच्या नावावर रस्सा सांडला तर? शेवटी मधला मार्ग निघाला: नावं खाली करायची, मागची बाजू वर. मागे काय, कोरं लाकूड असणार.

मामा पडवीच्या टोकाला लाकडं फोडत होता. त्याने हे ऐकलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. तेवढ्यात तिघांनी आपापली पाटी उचलून बाकांवर उलटी टाकली.

निळा रंग लख्ख दिसला. तुटके खांब, अर्धे वळसे, कशाचा कशाशी मेळ नाही. शिंपी वाकून बघू लागला, बोटाने खरवडून बघितलं, आणि मग हळूच मामाकडे वळला. हे काय म्हणून विचारलं. तुला तर घासून काढायला सांगितलं होतं.

"नाही घासलं," मामा म्हणाला.

मग एकच कल्ला झाला. ड्रायव्हर म्हणाला, एकतीस वर्षं आमच्या पाटीखाली दुसऱ्याचा रंग होता तर. एकप्याल्यांतला एक जण म्हणाला, ही शुद्ध फसवणूक आहे. आतून शिंपडेही बाहेर आले. कुणीतरी पॉलिश पेपर आहे का म्हणून विचारलं, आत्ताच्या आत्ता घासून काढू. बाहेर घरं बुडत होती आणि हे घासायला निघाले होते. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोन शब्द सुनावणार, एवढ्यात माझं लक्ष आईकडे गेलं.

आईच्या हातात सुरी तशीच होती. ती बुडव्यांच्या फळीवर वाकली होती. डाव्या कोपऱ्यातल्या त्या लहानशा ठशावर तिने आपला आताचा अंगठा ठेवला, रुंद, कामाने जाड झालेला. त्याच्या खाली तो लहान ठसा पुरता झाकला गेला. तिने अंगठा उचलला, पुन्हा ठेवला. सगळे गप्प झाले, कारण तिचा चेहराच तसा झाला होता.

मग तिने फळ्या हलवायला सुरुवात केली. कुणाला विचारलं नाही. आपल्या अंगठ्याची सगळ्यात खाली सरकवली, ड्रायव्हरची तिच्या वर, एकप्याल्यांची त्याच्याही वर. खांबांना खांब जुळले, वळशांना वळसे. फक्त डोकं नव्हतं.

"वरची फळी कुठाय?" तिने विचारलं. प्रश्न मामाला होता. एकतीस वर्षांत तिने त्याला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न असेल.

मामाने दाराकडे वर बघितलं. मग तो आत गेला आणि शिडी घेऊन आला.

हेडमास्तर शिडीसमोर येऊन उभे राहिले. ते ओरडले नाहीत, त्यांना कधी ओरडावं लागलंच नव्हतं. ही पाटी उतरायची नाही, एवढंच म्हणाले. पुरात वाहून आलेल्यांच्या पाट्या वेगळ्या आणि ही वेगळी.

मामाचे हात थरथरत होते. गेली दोन वर्षं ते तसेच थरथरायचे, म्हणून बारीक अक्षरांची कामं त्याने सोडली होती. पण आवाज थरथरला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी माझ्या ताईचं नाव पुसलं. तेव्हा तुमचं ऐकलं. आज नाही ऐकणार. बाजूला व्हा, नाहीतर शिडी तुमच्या अंगावर येईल."

जन्मात कुणाला नाही न म्हटलेला माणूस. माझा ऊर असा भरून आला की मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी काही टाळीवाली नाही.  हेडमास्तर खरोखर बाजूला झाले, आणि जाताना शिडीचा एक पाय पायरीवरून घसरतोय हे बघून तो नीट टेकवून गेले. हे मी सोडून फार थोड्यांनी पाहिलं असेल.

मामा चढला. मी खालून शिडी धरली, दुसऱ्या बाजूने शिंप्याने. चार स्क्रू निघायला बराच वेळ लागला, एक गंजला होता. खाली सगळे मान वर करून उभे होते, पातेल्यातलं पाणी उकळत होतं आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी फळी सुटली. मामाने ती उराशी धरून एकेक पायरी उतरत खाली आणली आणि उलटी करून टेबलाच्या वरच्या टोकाला लावली. एक लांब निळी रेघ, मध्ये एकदा तुटलेली. आणि उजव्या कोपऱ्यात एका आठ वर्षांच्या मुलाचा अंगठा.

फळ्या एकमेकींना चिकटल्या आणि अक्षर बोललं. आत या.

 म्हाताऱ्यांपैकी काहींना ते आठवलं, ते डोळे पुसू लागले. तरुणांनी तर ते कधी पाहिलंच नव्हतं, ते एकमेकांकडे बघत राहिले. कांद्याचे तुकडे 'या'च्या कान्यावर पडले होते. ते कुणी झटकले नाहीत.

मामा आईच्या समोर येऊन उभा राहिला. 

"ताई," तो म्हणाला, "चुकलो मी. आत ये."

आईने सुरी ठेवली. पदराला हात पुसले. "तू कोण मला सांगणारा?" ती म्हणाली. "बाबांनी सांगितलंय."

आणि ती तीन पावलांत उंबरा ओलांडून आत गेली. मी तिच्या मागे धावले. तिच्या मागोमाग मामा, आणि मग सगळेच. डावीकडे कोण आणि उजवीकडे कोण हे बघायला हेडमास्तरांना उसंतच मिळाली नाही. भात त्या दिवशी थोडा लागला. कुणी तक्रार केली नाही.

पाणी चार दिवसांनी ओसरलं. रविवारी सगळ्यांनी मिळून त्याच इमारतीत उपासना करायची ठरली, कारण बाकी तिन्ही ठिकाणी घोट्याएवढा चिखल होता. सकाळी मामा पुन्हा शिडीवर चढला आणि आजोबांची पाटी जिथे होती तिथे लावली, चारही फळ्या, अक्षरं बाहेर. चार नावं भिंतीकडे तोंड करून गेली. मामा खाली उतरला तेव्हा त्याला बघायला लोक रस्त्यापर्यंत उभे होते. तो लाजून मागच्या बाजूने आत शिरला.

ती उपासना मी विसरणार नाही. चार पाळक, चौघांनाही उपदेश करायचा होता, तेव्हा प्रत्येकाला पाच मिनिटं दिली. इतके चांगले उपदेश मी आजवर ऐकले नव्हते. टाळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या गाण्याला हेडमास्तरांचा बूट ठेका धरताना मी स्वतः पकडला. प्रभुभोजनाचे खालच्या चर्चचे लहान पेले पुरात गेले होते, शिंपड्यांचे तीनशे जणांना पुरेनात, तेव्हा उरला एकच मोठा प्याला. एकप्याले ओठ आवळून हसू दाबत बसले होते, पण तो प्याला हातोहात माझ्यापर्यंत आला, तेव्हा त्याच्या आधी तो शिंप्याने, ड्रायव्हरने, मास्तरांनी आणि आईने तोंडाला लावला होता, आणि मला वाटलं, एवढ्यासाठी आम्ही एकतीस वर्षं घालवली.

उपासना संपली आणि आई उठून उजव्या भिंतीकडे गेली. नावांच्या ओळींमध्ये जिथे तिथे पांढरे पट्टे होते. आपलं नाव कुठे होतं ते तिला अचूक माहीत होतं. तिच्यामागे मामा रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. त्याने तेवढ्यासाठी पहाटेच निळा रंग तयार करून ठेवला होता, आजोबांच्या पाटीच्या निळ्याशी मिळवून. पण ब्रश उचलला आणि हात इतका कापायला लागला की थेंब जमिनीवर पडले. अक्षर सरळ येणार नव्हतं. त्याने आईकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले.

आईने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि बाजूला ठेवला. मग अंगठा सरळ डब्यात बुडवला आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर दाबून धरला. उचलला तेव्हा भिंतीवर निळा ठसा होता, पाटीवरच्या त्या ठशाहून दुप्पट. मग तिने मामाचं मनगट धरलं, लहानपणी आजोबांनी धरलं असेल तसं, त्याचा अंगठा रंगात बुडवला आणि आपल्या ठशाशेजारी लावला.

मागून शिंपी पुढे आला. त्याचंही नाव पुसलेलं होतं. मग ड्रायव्हर, मग मी, मग ज्यांची नावं कधी पुसलीच नव्हती तेही रांगेत उभे राहिले, कारण त्यांना मागे राहवेना. दुपारपर्यंत ती भिंत नुसत्या अंगठ्यांनी भरली. सगळ्यात शेवटी हेडमास्तर आले. काठी माझ्याकडे दिली, अंगठा बुडवला, आणि आईच्या ठशाखाली जी थोडी जागा उरली होती तिथे जपून लावला. मग सगळी भिंत वरपासून खालपर्यंत निरखून बघितली.

"आयुष्यभर पोरांना सही करायला शिकवली," ते म्हणाले, "आणि शेवटी सगळेच अंगठेबहाद्दर."

आई इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. आमच्यातल्या तिघांची चर्च आता धुऊन-पुसून पुन्हा सुरू आहेत. बुडवे अजून बुडवतात, शिंपडे शिंपडतात, आणि वाद घालायला चौघांनाही आवडतं. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे वर येतात, आणि खालच्या तिन्ही दारांवर पाटीच नाही. नव्या रंगवून देऊ का म्हणून मामाने एकदा विचारलं होतं. तिघांनीही नको म्हटलं. चार गिऱ्हाइकं हातची गेली म्हणून मामी कुरकुरते, आणि मामा कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच ठेवतो आणि हसतो. पहिल्या रविवारी तो आईला घ्यायला घरी येतो. ती त्याला दारात ताटकळत ठेवते, मुद्दाम, आणि मग दोघं चढ चढून जातात. पायऱ्यांवर ती त्याच्या पुढे असते, आणि पडवीत ती आता कधीच थांबत नाही.